नऊ एक आणि एक हातचा

आमच्या डोंबिवलीच्या घरात जुन्या कॅलेंडरची पानं रद्दीत जात नाहीत. बाबा ती उलटी करून पुठ्ठ्याला चिमट्यानं लावतात आणि कोऱ्या बाजूवर आकडेमोड करत बसतात. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्तीनंतर गणित खेळतात. गेल्या महिन्यात माझी आतेबहीण, म्हणजे त्यांची भाची, दोन दिवस राहायला आली होती. ती संख्या-सिद्धांतात पीएच.डी. करते. शेजारच्या काकूंना ते ‘अंकशास्त्र’ वाटतं, त्यामुळे आपला मोबाइल नंबर शुभ आहे का, हे त्या तिला दर खेपेला विचारतात.

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर बाबांनी एक पान तिच्यापुढे सरकवलं. पानावर एकच संख्या होती : १२३४५६७८९८७६५४३२१. पुढचे दोन तास मामा-भाचीचं जे काही चाललं, ते मी मधे न बोलता ऐकलं. आठवेल तसं उतरवून काढलं आहे.

मामा : वाच बघू.

भाची : थांब, आधी उजवीकडून स्वल्पविराम देते. १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. सतरा अंकी आहे. पण कोटीच्या पुढे आपल्याला वाचता कुठे येतं?

मामा : भास्कराचार्यांना येत होतं. ‘लीलावती’त अठरा स्थानांना नावं दिली आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. या संख्येतला सगळ्यात डावीकडचा एक ‘मध्य’ या स्थानी बसतो. परार्ध एकच पायरी वर.

भाची : एवढे सेकंद मोजायला ३९ कोटी वर्षं लागतील. बरं, मोठी आहे आणि उलटी वाचली तरी तीच राहते. पुढे?

मामा : हा नऊ एकांचा वर्ग आहे. १११११११११ गुणिले १११११११११.

तिनं लॅपटॉप उघडून स्प्रेडशीटमध्ये गुणाकार टाकला आणि कपाळाला आठी घातली.

भाची : शेवटी ३२१ यायला हवं, तिथे ३०० आलंय.

मामा : म्हणजे यंत्र चुकलं?

भाची : त्याची वही अरुंद आहे. ही स्प्रेडशीट पहिले पंधरा अंक सांभाळते, उरलेल्या जागी शून्यं भरते. आपल्याला सतरा लागतात.

मामा : माझी वही कॅलेंडरएवढी रुंद आहे. हे बघ.

गुणकातला प्रत्येक अंक एकच असल्यामुळे पाढ्याची गरज नव्हती. बाबांनी नऊ एकांची तीच ओळ नऊ वेळा लिहिली, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. पानावर तिरकी पट्टी तयार झाली. मग उजवीकडून एकेक उभा रकाना पेन्सिलीनं मोजत गेले. पहिल्या रकान्यात एक एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. नवव्यात नऊ भरले, आणि तिथून पुन्हा आठ, सात, सहा करत शेवटच्या रकान्यात एक उरला.

मामा : रकान्यात किती एक आहेत तेवढंच खाली लिहायचं. अख्ख्या गुणाकारात एकही हातचा नाही. आणि ही संख्या आपल्याच गावची आहे बरं का. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. असल्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असं नाव दिलं, कारण कल्पना सुचली ती जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो स्टेशनात. म्हणजे आजच्या डोंबिवलीत.

भाची : आज त्या फलाटावर कल्पना सुचायला आधी उभं राहायला जागा मिळाली पाहिजे.

मामा : चेष्टा कर. पण त्यांनी काय पाहिलं ते बघ. संख्येचे तीन तुकडे पाड : डावीकडे १२३४५६७८, मधे ९, उजवीकडे ८७६५४३२१. दोन टोकांची बेरीज कर.

भाची : ९९९९९९९९.

मामा : मधे जो अंक, त्याच्याच रांगेची बेरीज. १२३२१ घे. १२ आणि २१ मिळून ३३, मधे ३. साधी १६५ घे. १ आणि ५ मिळून ६, मधे ६. डेम्लो म्हणजे हेच. त्यातल्या एकांच्या वर्गांना त्यांनी ‘अद्भुत’ म्हटलं.

भाची : मामा, रागावणार नसशील तर बोलते.

मामा : बोल. रागावायचं असेल तर नंतर रागावेन.

भाची : हे सगळं संख्येबद्दल नाहीच आहे. ती आपण कशी लिहितो त्याबद्दल आहे. आपल्याला बोटं दहा, म्हणून आपण दशमान लिहितो. उद्या आठ बोटांचा कुणी आला तर त्याच्या कागदावर हीच संख्या वेडीवाकडी दिसेल. ना सरळ चढण, ना उतरण. गणितज्ञ हार्डीनं १९४० सालच्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’मध्ये नेमकं हेच म्हटलंय. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत येतात. २१७८ ची चौपट ८७१२, १०८९ ची नऊपट ९८०१. त्याच्या मते वर्तमानपत्राच्या कोड्यांना हे ठीक, गणितज्ञाला त्यात घेण्यासारखं काही नाही.

मामा : आणि तुझ्या मते घेण्यासारखं काय?

भाची : अवयव. १११११११११ म्हणजे ३ चा वर्ग गुणिले ३७ गुणिले ३३३६६७. तिन्ही मूळ संख्या. तुझ्या मोठ्या संख्येत हे सगळे अवयव दुप्पट होतात : ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. त्यावरून विभाजक बरोबर ४५. हे तू रोमन आकड्यांत लिही नाहीतर खडे मांडून दाखव, बदलणार नाही. संख्येचा स्वभाव म्हणतात तो हा.

मामा : आणि मी दाखवला तो?

भाची : कपडे.

बाबा हसले नाहीत. चहा ठेवायला उठले, आणि गॅसपाशी उभे राहूनच त्यांनी पुढचा प्रश्न टाकला.

मामा : तुझ्या कपड्यांमागे काही कारण तरी आहे का? की नुसताच योगायोग?

भाची : कारण आहे, पण ते दहाचं नाही. एक अधिक क्ष अधिक क्ष वर्ग असं क्ष च्या आठव्या घातापर्यंत लिही आणि त्या बहुपदीचा वर्ग कर. सहगुणक एक, दोन, तीन, नऊपर्यंत चढतात आणि परत एकवर उतरतात. हा साचा. शाडूच्या गणपतीचा असतो ना, तसा. त्यात क्ष च्या जागी दहा ओतलं की तुझी संख्या बाहेर पडते. आणि साच्याला हातचा ठाऊक नसतो. तुझा नमुना दहाव्या एकाला मोडतो, माझा कधीच मोडत नाही.

मामा : मोडतो म्हणजे कसा, ते करून दाखव. मुलांना मी तिथेच पकडायचो.

आता पान तिच्याकडे गेलं. तिनं दहा एकांच्या दहा ओळी लिहिल्या. मधल्या रकान्यात दहा एक भरले. शून्य लिहिलं, हातचा एक. डावीकडच्या रकान्यात नऊ होते, हातचा धरून दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ, हातचा धरून नऊ. इथे हातचा संपला, पुढे सात, सहा, पाच जसेच्या तसे. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१.

मामा : डाव्या बाजूचा आठ कुठे गेला?

भाची : हातच्यानं खाल्ला. आठाचा नऊ झाला आणि खरा नऊ शून्य झाला.

मामा : आणि अंक मोज. एकोणीस. नऊ एकांपर्यंत ‘लीलावती’ची नावं पुरली, दहाव्याला परार्धही ओलांडला.

भाची : हा मात्र निव्वळ योगायोग हं.

मामा : असू दे. पण आठ असाच पळालेला तू आणखी कुठे पाहिलायस? एक भागिले एक्याऐंशी.

भाची : ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... हो, इथेही आठ नाही.

मामा : का नाही?

भाची : कारण... थांब. खरं तर तिथे ओळीनं शून्य, एक, दोन, तीन करत आठ, नऊ, दहा, अकरा असं न थांबता यायला हवं. दहा एका घरात मावत नाही, त्याचा एक नवावर जातो. नवाचे दहा होतात, त्यांचा एक आठावर जातो. तोच हातचा!

मामा : शाळेत मी १२३४५६७९ फळ्यावर लिहायचो आणि मुलांना विचारायचो, तुमचा नावडता अंक कोणता? कुणी सात म्हणालं की सांगायचं, मग त्रेसष्टनं गुण. सात नव्वे त्रेसष्ट. उत्तर सगळे सातच सात, नऊ वेळा. वर्ग खूश. पण खरा तास पुढे असायचा : आठ का नाही? असे प्रश्न पडायला लावण्यात मला कापरेकरांचं मोठेपण दिसतं. आता त्यांचा दुसरा खेळ. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं. हर्ष देणारी. आपली मोठी संख्या तपास.

भाची : अंकांची बेरीज एक्याऐंशी. अवयवांत तीन चार वेळा आहे, म्हणजे एक्याऐंशीनं भाग जाणारच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, तो १२३४५६७९ चा वर्ग. हर्षद आहे.

मामा : आता तिच्या मुळाशी जा. नऊ एक : बेरीज नऊ, भाग जातो, उत्तर १२३४५६७९. त्याच्या अंकांची बेरीज?

भाची : सदतीस.

मामा : सदतीसनं भाग.

तिनं भागाकार कागदावरच केला. उत्तर ३३३६६७ आलं आणि बाकी शून्य. ती क्षणभर गप्प झाली.

भाची : हे मी कधी पाहिलं नव्हतं. हर्षदातून हर्षद, आणि साखळी संपते ती मूळ संख्येवर. ३३३६६७ ची बेरीज अठ्ठावीस, तिनं भाग जाणार नाही, तिथे थांबायचं. छान आहे रे. पण यातलं खरं किती आणि नशिबाचं किती?

मामा : तूच सांग. तुझ्याकडे आठ बोटांचा माणूस आहे ना? बोलाव त्याला.

ही कल्पना तिला आवडली. नवीन पान घेतलं. अष्टमान पद्धतीत सर्वांत मोठा अंक सात, म्हणून तिथे नऊऐवजी सात एक घ्यायचे. त्यांचा वर्ग १२३४५६७६५४३२१, कारण त्या पद्धतीतही सातपर्यंत हातचा येत नाही. टोकांची बेरीज १२३४५६ अधिक ६५४३२१, म्हणजे ७७७७७७, आणि मधे ७. बाबांनी मान डोलावली.

भाची : डेम्लोपण टिकलं. आता हर्षद. सात एकांची बेरीज सात. आठाला सातानं भागलं की बाकी एक उरते, त्यामुळे अष्टमानात अंकांची बेरीज सातच्या पटीत असली की संख्येला सातानं भाग जातोच. जसं आपल्याकडे नवाचं. वर्गाची बेरीज एकोणपन्नास, तिथेही भाग जाणार. पहिली पायरी टिकली. सातनं भागून अष्टमानात काय येतं? १२३४५७. सहा पळाला.

मामा : आपल्याकडे आठ, त्यांच्याकडे सहा. शेवटून दुसरा. हातच्याचं काम.

भाची : बरोबर. आता दुसरी पायरी. एक, दोन, तीन, चार, पाच, सात : बेरीज बावीस. संख्या विषम आहे, शेवटी सात. विषमाला बावीसनं भाग जाणं शक्यच नाही. साखळी तुटली! म्हणजे आपली सदतीसची गंमत दहाच्या घरापुरती. पंचेचाळीसातून आठ गेले सदतीस, आणि १११ चा अवयवही सदतीस, दोघांची गाठ पडली इतकंच.

मामा : म्हणजे तुझा निकाल काय?

भाची : पाया बदलून पाहायचं. बदलल्यावर जे उरतं ते गणित, गळून पडतं ते नशीब. डेम्लोचे तुकडे उरले, एकांच्या रांगेचं हर्षदपण उरलं, पळून जाणारा अंक उरला. सदतीस गळाला.

मामा : आणि ही चाळणी तू लावलीस कशाला? आकड्यांना. तुझ्या अवयवांना ती लावावी लागत नाही, मान्य. पण मी सदतीस दाखवला नसता तर चाळायला तुझ्याकडे होतं काय? गणपती पाहिल्यावरच माणूस विचारतो की साचा कुठला.

भाची : तेवढं मान्य. हर्षद संख्यांवर पुढे खरंच काम झालं. कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केलं की सलग वीस हर्षद संख्या सापडतात, एकवीस कधीच नाहीत. मग ग्रंडमननं दाखवलं की पाया कोणताही घ्या, त्याच्या दुपटीहून जास्त सलग हर्षद नसतात. दहाचे वीस हे त्यातलं एक उदाहरण.

मामा : कापरेकरांना त्यांच्या हयातीत बरेच जण कोडीवाला मास्तर समजायचे. १९७५ साली मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला नाव कळलं, आणि तेही जास्त करून ६१७४ या त्यांच्या प्रसिद्ध संख्येमुळे. आता मला एक सांग. एकांच्या रांगा तुमच्या विद्यापीठात कुणी हुंगत तरी का?

भाची : तिथे मात्र तू जिंकतोस. अकरा ही मूळ संख्या. तीन एक घेतले तर ३ गुणिले ३७. आपले नऊ एक तर मुळातच फुटणार, कारण नऊ म्हणजे तीन तिऱ्या : १११ गुणिले १००१००१. रांगेची लांबीच मूळ असावी लागते, आणि तेही पुरत नाही. अकरानंतर थेट एकोणीस एक, मग तेवीस, मग ३१७. १०३१ एकांची संख्या मूळ असल्याचं विल्यम्स आणि डब्नर यांनी १९८६ मध्ये सिद्ध केलं.

मामा : कापरेकर गेले ते वर्ष.

भाची : अशा मूळ रांगा अनंत आहेत की कुठे संपतात, हे आजही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. आणि आता पाया दहाचा दोन कर. द्विमान पद्धतीत दोन एकांचा वर्ग १००१ येतो, म्हणजे हातचा लगेच आडवा येतो आणि तुझी डेम्लो तिथेच संपते. पण नुसती एकांची रांग? द्विमानातली एकांची रांग म्हणजे दोनाचा घात वजा एक. त्या मर्सेन संख्या. आज माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या त्यांतलीच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली : दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात वजा एक. आपल्या पद्धतीनं लिहिली तर ४,१०,२४,३२० अंक लागतात.

मामा : आणि द्विमानात?

भाची : नुसते एक. १३,६२,७९,८४१ एक, एकापुढे एक.

बाबांनी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. शिक्षकाला कुठे थांबायचं ते कळतं.

दोघांत बरोबर कोण, याचा निवाडा मी कागदं आवरताना केला. स्वभाव आणि कपडे हा भाचीचा भेद खरा आहे, तो विसरला की गणिताचं अंकज्योतिष व्हायला वेळ लागत नाही. शेजारच्या काकूंचा प्रश्न तिथूनच येतो. पण कपडे पाहायचेच नाहीत, हा तिचा मूळ हट्ट त्या दुपारी टिकला नाही. अष्टमानाचं पान तिनं स्वतः भरलं, आणि ते भरावंसं वाटलं एका निवृत्त मास्तरांच्या सदतीसमुळे. बाबांचीही एक गोष्ट मला त्या दिवशी नीट कळली. सुंदर नमुना दाखवून ते कधी थांबत नाहीत. तो मोडेपर्यंत पुढे नेतात.

घरी लहान मूल असेल तर त्याला एक कोरा कागद द्या आणि एकांचे वर्ग करायला सांगा : ११, १११, ११११. स्प्रेडशीट नको, पेन्सिल हवी. नऊ एकांपाशी ते टाळ्या वाजवेल. तिथे खेळ आवरू नका. दहावा एक मांडू द्या, आणि आठ कुठे गेला ते त्यालाच शोधू द्या.